भूकंपसज्जतेची सुरुवात घरापासून

25 एप्रिल 2015 रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी 11 वाजून 41 मिनिटांनी नेपाळमधील गोरखा जिल्ह्यात 7.8 महत्तेचा भूकंप झाला. केंद्रापासून सुमारे 400 किलोमीटर दूर असलेल्या लखनौतही जमीन हादरली आणि लोक घरे सोडून रस्त्यावर आले. नव्या वसाहतींमध्ये ही कृती फारशी महागात पडली नसती. परंतु चौक या जुन्या भागात रस्ता म्हणजे अरुंद गल्ली, आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंस जुन्या भिंती, सज्जे व कठडे. घरातून बाहेर धावणारे मूल तेथे अधिक सुरक्षित होते असे म्हणता येत नाही. भूकंपसज्जतेचा विचार स्थळानुरूप का करावा लागतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

धोक्याचे स्वरूप

महत्ता आणि तीव्रता या दोन संज्ञांतील भेद प्रथम लक्षात घ्यावयास हवा. महत्ता ही भूकंपात मुक्त झालेल्या ऊर्जेची निदर्शक असते. ती एका अंकाने वाढल्यास ऊर्जा सुमारे 32 पट होते. तीव्रता ही त्या त्या ठिकाणी जाणवलेल्या हादऱ्याची व झालेल्या हानीची मोजणी होय. एका भूकंपाची महत्ता एकच असते. तीव्रता मात्र गावागणिक, किंबहुना मोहल्ल्यागणिक बदलते.

भारताचे सुमारे 59 टक्के भूक्षेत्र मध्यम ते अतितीव्र भूकंपाच्या छायेत येते. 2002 च्या भूकंपविभाग नकाशात लखनौचा समावेश मध्यम धोक्याच्या तिसऱ्या विभागात होता. तथापि हे शहर गोमतीकाठच्या जाड गाळाच्या थरांवर वसले आहे. असा मऊ थर दूरवरून येणाऱ्या लहरींचे कंपन वाढवू शकतो. हिमालयातील मोठ्या भूकंपाचा विचार लखनौला म्हणूनच टाळता येत नाही. ‘मध्यम’ हा शब्द निर्धास्त राहण्यासाठी नाही, हे महाराष्ट्राने किल्लारीत अनुभवले आहे. तो परिसर तत्कालीन नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली व हजारो माणसे दगावली.

जुने घर आणि त्याचे अर्थकारण

1775 मध्ये अवधची राजधानी फैजाबादहून लखनौस आली. नवाबी काळातील घरांत लखौरी या पातळ विटा आणि चुन्याचा वापर सर्रास होत असे. अशी भिंत वरून येणारा भार उत्तम पेलते. परंतु आडव्या धक्क्याने तिचे कोपरे सुटतात. जोते, दारे-खिडक्यांची माथापट्टी व छत या पातळ्यांवर घराला सलग बांधणारे भूकंपरोधक पट्टे अशा घरांत सहसा नसतात. ते नंतर बसविण्याचे तंत्र उपलब्ध आहे. प्रश्न खर्च कोणी करावयाचा हा आहे.

जुन्या शहरांत अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने राहतात. उत्तर प्रदेशात 1972 च्या भाडेनियंत्रण कायद्याची जागा 2021 च्या कायद्याने घेतली. परंतु नियंत्रित भाड्याच्या दीर्घ काळाचा परिणाम कायदा बदलताच पुसला जात नाही. भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघत नसल्याने मालक उदासीन राहतो. मालकी नसल्याने भाडेकरू पैसा घालत नाही. शिवाय एका घराचा सैल कठडा पडतो तो वाटसरूच्या डोक्यावर. सज्जतेचा लाभ सर्वांना आणि खर्च एकाला, अशी स्थिती असल्याने ही गुंतवणूक मागे पडते. येथे स्थानिक संस्थांनी तपासणी व अर्थसाहाय्य यांद्वारे हस्तक्षेप करणे समर्थनीय ठरते. पुण्यातील जुन्या वाड्यांनाही हेच लागू पडते.

कुटुंबाच्या हाती असलेले उपाय

इमारत बळकट होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. मुलांचे अंथरूण जड कपाट, आरसा वा तसबिरीखाली नसावे. लोखंडी कपाट भक्कम भिंतीस पट्टीने जखडावे. चुन्याची भिंत ठिसूळ झाली असल्यास ते झोपण्याच्या खोलीतून हलवावे. माळ्यावरील जड भांडी खाली आणावीत. गॅसचा झडप आणि विजेचा मुख्य खटका कोठे आहे, हे घरातील प्रत्येक प्रौढास ठाऊक असावे. पाणी, विजेरी, शिटी, नेहमीची औषधे व कागदपत्रांच्या प्रती असलेली पिशवी दाराजवळ ठेवावी. यांतील बहुतेक उपायांना श्रम लागतात, पैसा नाममात्र.

मुलांची तयारी

2015 चा नेपाळमधील भूकंप शनिवारी, तेथील शाळांच्या सुट्टीच्या दिवशी झाला. वर्गखोल्या कोसळल्या तेव्हा त्या रिकाम्या होत्या. 8 ऑक्टोबर 2005 रोजी काश्मीरमधील भूकंपही शनिवारीच झाला, परंतु तेव्हा नियंत्रणरेषेपलीकडील भागात शाळा भरलेल्या होत्या आणि हजारो विद्यार्थी मृत्युमुखी पडले. वेळ निवडता येत नाही. म्हणून मुलाला घर आणि शाळा या दोन्ही ठिकाणचे वर्तन माहीत असले पाहिजे.

हादरा सुरू होताच खाली वाकावे, मजबूत मेजाखाली शिरून डोके झाकावे व मेजाचा पाय धरून ठेवावा. मेज नसेल तर आतल्या भिंतीलगत, काचेपासून दूर, हातांनी डोके झाकून बसावे. जिना उतरू नये, गल्लीत धावू नये. दारालगत खरोखर मोकळे पटांगण असेल तरच बाहेर पडणे हिताचे. उंच भिंतींनी वेढलेले अंगण हे मोकळे पटांगण नव्हे. कंपन थांबल्यावर पादत्राणे घालून ठरलेल्या मैदानाकडे जावे. तो मार्ग मुलांसह आधी पायी चालून पाहावा. तडे गेलेल्या घरात परतू नये: 2015 मध्ये पहिल्या धक्क्यानंतर दुसऱ्याच दिवशी 6.7 आणि 12 मे रोजी 7.3 महत्तेचे धक्के बसले होते. शहराबाहेरील एका नातेवाइकाचा दूरध्वनी क्रमांक आणि 112 हा क्रमांक मुलाला पाठ असावा. शाळेतून त्याला कोण आणणार, हेही आधीच ठरलेले असावे.

भीती दाखवून मूल सज्ज होत नाही, सरावाने होते. वर्षातून दोनदा केलेला दहा मिनिटांचा सराव पुरेसा उपयुक्त ठरतो.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राष्ट्र, राज्य व जिल्हा पातळीवर प्राधिकरणे स्थापन झाली. 2016 मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणाने शाळा सुरक्षा धोरणाची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. मात्र पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात कोणतेही प्राधिकरण घटनास्थळी पोहोचू शकत नाही. त्या मिनिटात मूल काय करील हे त्याच्या घराने अगोदर काय शिकविले यावर अवलंबून असते. आणि ते घर उभे राहील की नाही, हे समाजाने त्यासाठी खर्चाची कोणती व्यवस्था केली यावर.