बापाकडूनही येतं

मोठी लेक कलबुर्गीला बीएस्सी करते. तीन-तीन महिने पाळी नाही, हनुवटीवर राठ केस. डॉक्टरीणबाईंनी पीसीओएस सांगितलं. भालकीला घरी कळल्यावर जाऊबाईंचा पहिला सवाल, "तुझ्या माहेरी कुणाला होतं गं?"

माझं माहेर औरादचं. आईला, मावश्यांना असलं काही नव्हतं. सासरी मात्र बघा: सासऱ्यांना शुगर, नवऱ्याला तिशीतच टक्कल, आत्याबाईंची पाळी कायम मागंपुढं. पण हिशेब मागायचा तो सुनेच्या माहेराला!

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, तेव्हा हिशेब नीटच मांडू. 2006 साली नेदरलँड्समधल्या जुळ्या बहिणींच्या अभ्यासात पीसीओएसमधला आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 70 टक्के निघाला. 2011 मध्ये चिनी संशोधकांना जनुकसंचातल्या तीन जागा सापडल्या; 2018 च्या मोठ्या अभ्यासात 14 जागा पुढं आल्या. त्यातली काही जनुकं अंडाशयाला जास्त अँड्रोजन, म्हणजे पुरुषी संप्रेरकं, बनवायला लावतात. त्यात शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं, की स्वादुपिंड ते आणखी सोडतं आणि अँड्रोजन अजून वाढतं. बीजं अर्धवट वाढून थांबतात. सोनोग्राफीत दिसणाऱ्या 'गाठी' त्याच.

ही जनुकं बापाकडूनही उतरतात. त्याला अंडाशय नाही, इतकंच. ब्रिटनमधल्या लाखावर पुरुषांच्या अभ्यासात, ज्यांच्यात पीसीओएसचा जनुकीय धोका जास्त, त्यांच्यात लठ्ठपणा, मधुमेह आणि टक्कलही जास्त आढळलं.

शाळेतल्या एका बाईंनी विचारलं, "नात्यातलं लग्न का तुमचं?" आमच्या बिदरकडं मामाला भाची देतात, त्यामुळं प्रश्न साहजिक. थॅलेसेमियात दोघांकडूनही बिघडलेलं जनुक यावं लागतं. तिथं नात्यातलं लग्न महागात पडतं. पीसीओएसमध्ये मात्र अनेक जनुकं थोडाथोडा भार टाकतात, वर खाणंपिणं, वजन. म्हणून जनुकचाचणीवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

धाकटीला गेल्या वर्षीच पाळी आली. पहिलं वर्षभर ती अनियमित असतेच, आणि पहिल्या पाळीपासून आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीवरून निदान करू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते. म्हणून तिला कुठं नेलं नाही. नेलं ते नवऱ्याला, उपाशीपोटी शुगर तपासायला.