पिस्तुलाच्या मुठीचे द्रव्य

जुन्या पिस्तुलाची नळी, घोडा आणि अनुक्रमांक यांचा तपशील कारखान्याच्या दप्तरात पुष्कळदा सापडतो. परंतु मूठ ही मालकाच्या हौसेप्रमाणे मागाहून बदलली जाणारी बाब असल्याने तिची खातरजमा तिच्या द्रव्यावरूनच करावी लागते. अमेरिकेचे जनरल पॅटन यांच्या प्रसिद्ध कोल्ट रिव्हॉल्वरची मूठ हस्तिदंती असूनही ती शिंपल्याची असल्याचा समज दीर्घकाळ प्रचलित राहिला, यावरून नुसत्या चकाकीवर भिस्त ठेवणे किती अनाठायी आहे ते कळावे.

हस्तिदंताची मूठ सुळ्याच्या लांबीत कापलेली असते. म्हणून तिच्या दर्शनी बाजूवर फिकट, नागमोडी रेषाच काय त्या दिसतात. खरा पुरावा मुठीच्या बुडाशी, जेथे सुळ्याचा आडवा छेद उघडा पडतो, तेथे असतो. भिंगाखाली तेथे एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. श्रेगर रेषा म्हणतात त्या ह्याच. सुळ्याच्या बाह्य भागात त्यांचे कोन आजच्या हत्तीत सरासरी 115 अंशांहून अधिक, तर लुप्त झालेल्या मॅमथमध्ये 90 अंशांहून कमी भरतात. हाडात ही जाळी नसते. रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म नलिका मात्र काळसर ठिपके आणि रेघा होऊन उमटतात.

बनावट हस्तिदंताची कथा अधिक रंजक आहे. जॉन वेस्ली हायट यांनी 1870 च्या सुमारास नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून सेल्युलॉइड सिद्ध केले, आणि त्याच्या तक्त्यांत हस्तिदंताच्या रेषांची नक्कलही करण्यात आली. पण त्या नकली रेषा इतक्या सरळ, समांतर आणि नियमित असतात की, त्यांचा हा नेमस्तपणाच त्यांचे बिंग फोडतो. काळी मूठ असेल, तर अंगठ्याने जोराने चोळून हुंगावी: गंधकाचा वास कडक रबराचा, कार्बोलिकचा वास बेकलाइटचा. दुसऱ्या महायुद्धातील काही अमेरिकन सैनिकांनी विमानांच्या पारदर्शक ॲक्रिलिकच्या मुठी बनवून त्यांखाली प्रेयसीचे छायाचित्र बसवले. अशा मुठी ओळखायला भिंगाची गरज नाही.

तापलेली सुई टोचून परीक्षा करण्याचा जो रिवाज काही हौशी मंडळींत रूढ आहे, तो मात्र सर्वस्वी त्याज्य होय. अस्सल वस्तूवर त्याने कायमचा डाग पडतो आणि सेल्युलॉइड तर पेट घेऊ शकते. शिवाय जीर्ण होणारे सेल्युलॉइड आम्लयुक्त वाफा सोडून शेजारचे पोलाद गंजवते. म्हणून अशी मूठ उतरवून, वेगळ्या आणि हवेशीर जागी ठेवावी. आणि द्रव्य हस्तिदंतच निघाले, तर खरेदी-विक्रीचा विचार करण्यापूर्वी कायद्याचा सल्ला घ्यावा, कारण 1989 साली संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय करारान्वये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला आहे.