सुटणारी इमारत, अडकलेला पैसा

‘हरित बँकांवर लिहा,’ असं संपादकांनी सांगितलं तेव्हा वृक्षारोपणाचे फोटो आणि गुळगुळीत अहवालच हाती लागणार, असं वाटलं होतं. नेदरलँड्सच्या ट्रायोडॉस बँकेचा कारभार वाचायला घेतला आणि ही धास्ती गेली. 1968 साली चौघांनी पैशाचा विचार करायला अभ्यासगट काढला, 1980 मध्ये त्यातून बँक उभी राहिली. अधिकृत इतिहास एवढाच पुरे.

इथे पर्यावरणासाठी वेगळं टेबल मांडलेलं नाही, ते कर्जखात्यातच बसलंय. ताळेबंद तपासण्याआधी धंदा कशासाठी चाललाय हे पाहायचं, असा शिरस्ता. कोळसा, तेल, शस्त्रं, तंबाखू यांना दार बंद. सेंद्रिय शेती, पवनचक्क्या, नाट्यसंस्था यांना उघडं. शिवाय कर्ज घेणाऱ्या संस्थांची नावं बँक जाहीर करते. आपल्याकडे कर्जदाराचं नाव पेपरात येतं ते बहुधा जप्तीच्या नोटिशीत!

पण मी रेंगाळलो तो 1,65,312 या आकड्यापाशी. ड्रीबर्गन-झाइस्ट रेल्वे स्टेशनजवळ 2019 मध्ये उघडलेल्या बँकेच्या लाकडी मुख्यालयातल्या स्क्रूंची ही संख्या. वास्तुविशारद थॉमस राऊ यांनी सांधे चिकटवण्याऐवजी स्क्रूने आवळले. उद्या इमारत नको झाली तर तुळया, फळ्या सुट्या करून दुसरीकडे वापरता याव्यात, म्हणून कुठे कोणतं साहित्य बसवलंय याची नोंदवहीच ठेवलीय. आकार ठरवताना परिसरातल्या वटवाघळांच्या उडण्याच्या वाटाही सांभाळल्या.

इतक्या दूरचा विचार करणाऱ्यांनी भागधारकांच्या बाहेर पडण्याची वाट मात्र अरुंद ठेवली. बँक कुणी गिळू नये म्हणून शेअर एका प्रतिष्ठानाकडे ठेवले आणि गुंतवणूकदारांना त्यांची प्रमाणपत्रं दिली. ती शेअरबाजारात नव्हतीच. बँकेच्या निव्वळ मालमत्तेवरून भाव ठरायचा आणि खरेदी-विक्री बँकच जुळवून द्यायची. विकणाऱ्याला नवा घेणारा मिळे तोवर सगळं सुरळीत. मार्च 2020 मध्ये करोना आला, विकणारे वाढले आणि व्यवहार थांबले. त्याच वर्षी ते पुन्हा सुरू झाले, पण जानेवारी 2021 मध्ये परत बंद. ठेवींना धक्का नव्हता. अडकले ते चाळीस हजारांहून जास्त प्रमाणपत्रधारक. कुणाची ती म्हातारपणाची पुंजी होती. 2023 मध्ये वेगळ्या व्यवहारमंचावर विक्री सुरू झाली, तेव्हा आधीच्या 84 युरोंच्या तुलनेत भाव बराच घसरला. तक्रारी झाल्या, प्रकरणं कोर्टात गेली. अखेर ज्या शेअरबाजारापासून बँक जपून राहिली होती, त्याच्याच दारात 2025 मध्ये तिला उभं राहावं लागलं.

कर्ज कुणाला द्यायचं हे ट्रायोडॉसने फार नीट ठरवलं, त्याबद्दलचा आदर माझ्या मनातून उतरलेला नाही. पण ‘माझा पैसा कुठे जातो?’ एवढंच विचारून गुंतवणूकदाराचं भागत नाही. ‘मला हवा तेव्हा तो कोण परत देणार?’ हेही सही करण्याआधीच विचारायला हवं, आणि भल्या माणसांच्या बँकेत तर जरा जास्तच ठासून. कारण तिथे विश्वासापोटी तो प्रश्न तोंडातच राहतो.