सावलीत लावू या मिरीचा वेल

दोस्तांनो, "आमच्याकडे ऊनच येत नाही, मग झाडं कशी लावणार?" अशी तक्रार तुमच्यापैकी कितीतरी जण करत असतील. आंब्या-फणसाची सावली पडलेलं परस असो, नाहीतर समोरच्या उंच इमारतीमुळे ऊन अडलेली गॅलरी असो, तिथे गुलाब रुसून बसतो आणि टोमॅटोही धरत नाही, हे अगदी खरं. पण एका वेलाला कडक ऊन मुळीच सोसत नाही. त्याची फळं तर तुमच्या घरातल्या मसाल्याच्या डब्यातच असतील. ओळखलंत ना? काळी मिरी!

मिरीचा वेल मूळचा सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या पावसाळी जंगलांतला. उंच झाडाच्या बुंध्याला धरून तो वर चढतो आणि पानांतून गाळून येणाऱ्या उजेडावर भागवतो. याच मिरीच्या ओढीने वास्को द गामा १४९८ साली आफ्रिकेला वळसा घालून कालिकतजवळ येऊन पोहोचला. कोकणातल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत आणि गोव्यातल्या कुळागरांत आजही हा वेल झाडांवर चढलेला दिसतो.

तुम्ही म्हणाल, मग तो आधाराच्या झाडाला खात असेल! छे, मिरी म्हणजे काही बांडगूळ नव्हे. वेलाच्या प्रत्येक पेराशी बारीक मुळं फुटतात आणि ती झाडाच्या सालीला घट्ट चिकटतात. ही मुळं फक्त धरून ठेवण्यापुरती. अन्नपाणी तो स्वतःच्या जमिनीतल्या मुळांनीच घेतो.

आता खरी गंमत ऐका. मिरी बहुधा फांदीपासूनच लावतात, पण एकाच वेलावरच्या फांद्या एकसारख्या नसतात. बुडाशी जमिनीवर लांबच लांब सरपटत जाणाऱ्या फांद्या असतात. त्या लावल्या, की नवा वेल झाडावर चढतो. वर गेल्यावर त्याला बाजूला आडव्या फांद्या फुटतात. मिरीचे घोस लागतात ते या आडव्या फांद्यांवरच, पण त्यांच्या पेरांना चिकटणारी मुळं नसतात. अशी आडवी फांदी लावली तर ती काही वर चढत नाही. तिचं बुटकं झुडूप होतं! जणू वेलापासून वेगळी झाली तरी फांदी आपलं काम विसरत नाही.

म्हणूनच फांदी आणताना नीट विचारून घ्यायला हवं. चुकीची फांदी लावलीत, तर वेल झाडावर कधी चढतो याची वाट बघतच बसाल. दुसरी गोष्ट, फळं धरणाऱ्या वेलाचीच फांदी मागा. रानातल्या मिरीत नर आणि मादी वेल बहुधा वेगवेगळे असतात, आणि नर वेलाला तुम्ही कितीही जपलंत तरी मिरी लागायची नाही.

परसात झाड असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये सरपटणाऱ्या फांदीचे दोन-तीन पेरांचे तुकडे करा. माती, वाळू आणि शेणखत भरलेल्या पिशवीत ते लावून सावलीत ठेवा. माती ओलसर राहील इतकंच पाणी द्या. जूनमध्ये पाऊस स्थिरावला, की खरबरीत सालीच्या झाडाजवळ रोप लावा. आंबा, फणस, नारळ, पांगारा चालेल. पेरू मात्र नको, त्याची साल सोलून पडते. बुंध्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर, शक्यतो उत्तर बाजूला, दीड फुटाचा खड्डा घ्या. उत्तरेलाच का? कारण हिवाळ्यात दक्षिणेकडून येणारं तिरपं ऊन बुंध्याने अडतं. वेल वाढू लागला, की सुतळीने बुंध्याला सैलसर बांधा. पुढे तो स्वतःच पकड घेईल.

गॅलरीवाल्यांनी हिरमुसू नका! तुमच्यासाठी आहे आडव्या फांदीपासून केलेली झुडपी मिरी. ही फांदी घरी रुजवणं जरा कठीण, म्हणून रोपवाटिकेतून तयार रोप आणा. कुंडी मोठी हवी आणि तिच्या तळाला भोक हवंच. काळोख्या कोपऱ्यात ठेवू नका. भरपूर उजेड, पण दुपारचं ऊन नाही, अशी जागा शोधा.

एक धोका दोघांनाही आहे, तो म्हणजे साचलेलं पाणी. मिरीला ओल हवी, पण बुडाशी डबकं साचलं, की मुळं कुजतात आणि भर पावसात हिरवागार वेल बघता बघता माना टाकतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी पाणी वाहून जाईल अशी वाट करून ठेवा.

झुडपी मिरीला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच घोस लागू शकतात. वेलाला मात्र तीन वर्षं तरी द्यावी लागतात. म्हणजे सहावीत लावलात, तर मिरी नववीत! फुलं येतात पावसाळ्यात. ती इतकी बारीक, की भिंग घेऊनच बघा. घोसावरून ओघळणारे पावसाचे थेंब पराग खालच्या फुलांपर्यंत पोहोचवायला मदत करतात.

डिसेंबरनंतर घोसातला एखादा दाणा पिवळा-लाल झाला, की अख्खा घोस काढा आणि दाणे सुटे करून उन्हात वाळवा. हिरवे दाणे आपोआप काळे होतील. कापलेलं सफरचंद काळपट पडतं ना, तशीच ही क्रिया. थोडे पिकलेले दाणे आठवडाभर पाण्यात भिजत घालून साल चोळून काढा आणि वाळवा. झाली पांढरी मिरी! काळी आणि पांढरी मिरी एकाच वेलाची, हे आजीला सांगून बघा.

मग काय, या पावसाळ्यात मिरी लावणार ना? आणि हो, फांदी मागताना कुठली ते विचारायला विसरू नका!