दोन नंबरची प्रेस

मोरव्याच्या थांब्यावर मावशी बसमध्ये चढतात. मांडीवर डबा, डब्यावर शंभर पानी वही. "आज मिटिंग आहे," त्या सांगतात. त्यांचे वडील मिठागरात राबले. मावशी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगला आहेत आणि तिथल्या सुरक्षा समितीतही. शेठची परवानगी घेऊन आज मीही सोबत आहे.

अकराला सगळ्या मोटरी बंद होतात. मिटिंगपुरतं काम थांबवायचं, हे मावशींनीच भांडून घेतलंय. आधी जेवणाच्या सुट्टीत उरकायचे, आणि तोंडात घास असलेला माणूस काय बोलणार? तीन कामगार, समोर शेठ, सुपरवायझर, फिटर. भोपाळच्या वायुकांडानंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात कलम ४१-जी आलं. धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत अशी निम्मी-निम्मी समिती सक्तीची झाली. या छोट्या गाळ्यावर ती सक्ती नाही. तरी ती बसते, याचं मला फार मोल वाटतं.

मावशी वही उघडतात. आधी मागचं. "धूळ ओढायचा पंखा, झाला. मागच्या दारातली खोकी, हलवली. दोन नंबर प्रेसची तपासणी..." फिटर खाली बघतो.

सगळे उठून प्रेसपाशी जातात. हातभर अंतरावर दोन बटणं. दोन्ही एकदम दाबली तरच डाय खाली यावी, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहतात. डाव्या बटणावर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधलीय. बटण कायम दाबलेलं, डावा हात डायखाली जायला मोकळा. पट्टीच्या कडेला तेलकट मळ साचलाय. आजकालची नाही ती.

"कोणी बांधलं हे?" सुपरवायझरचा आवाज चढतो.

"कोणी ते नको, साहेब. का बांधलं ते विचारा."

प्रेसवरचा पोरगा बराच वेळ गप्प राहतो. मग हळूच सांगतो, बटण अडकतं, दोन-तीनदा दाबावं लागतं. नगावर पैसे आहेत, नग भरत नाहीत. पहिल्याच प्रश्नावर अडून बसले असते, तर हे कधीच बाहेर आलं नसतं.

सुपरवायझर सुचवतात, सगळ्यांना हातमोजे देऊ. पॉलिशवाला मान हलवतो. फिरत्या बफात मोजा अडकला तर हातच ओढला जातो. पॉलिशसाठी मोजे रद्द.

फिटर म्हणतो, एक बटण बांधून ठेवलं तर प्रेस चालणारच नाही, अशी जोडणी मिळते. शेठ विचार करतात. "ती बसेपर्यंत प्रेस बंद. पोराला तोवर रोज द्या." मावशी लिहून घेतात: काम, नाव, तारीख. फिटर आणि पोरगा, दोघांच्या सह्या होतात.

प्रेसच्या मेन स्विचला कुलूप लागतं. चावी मावशींच्या पदराच्या गाठीत जाते. पावणेबाराला बाकीच्या मोटरी सुरू होतात. दोन नंबर बंद.