आमच्यामागे कोण?

परळ-लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसं राहत. अशा घरात एखादं मूल गतिमंद असलं, तर त्याचं करणं एकट्या आईच्यानं निभत नसे. वडील गिरणीत पाळीवर, आई खानावळीच्या पोळ्या लाटण्यात. मग धाकटी बहीणच थोरल्या भावाच्या शर्टाची बटणं लावून देई, त्याला चिडवणाऱ्या पोरांशी भांडे आणि धावतपळत शाळा गाठी. उपचारांसाठी वाडिया बालरुग्णालय परळमध्ये १९२९ पासून आहे. शेजारच्या शिवडीत अशा मुलांसाठीची जय वकील शाळा आहे. होरमसजी आणि जय वकील या दांपत्यानं डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या लेकीसाठी, दीनासाठी, १९४४ साली हे काम सुरू केलं. उपचार आले, शाळा आली. पण केसपेपरवर पालकांचं नाव लागतं, बहिणीसाठी रकाना नसतो.

संशोधकांनी तिच्याकडे पाहिलं ते आधी काळजीनं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बर्नार्ड फार्बर यांनी १९५९ साली मांडलं की, गतिमंद मूल वयानं कितीही मोठं असो, घरात ते शेंडेफळच होऊन बसतं आणि जबाबदारीचा भार विशेषतः बहिणींवर येतो. निरीक्षण नेमकं होतं; परळच्या त्या धाकटीलाही ते लागू पडतं. पण त्या काळचा प्रश्न एकच होता : भावंडांचं नुकसान किती?

१९७२ साली फ्रान्सेस ग्रॉसमन यांनी अशा भावंडांपैकी महाविद्यालयात शिकणाऱ्यांनाच विचारलं. साधारण निम्म्यांच्या वाट्याला त्रास आला होता. तर जवळपास तितक्याच जणांना त्यातून समज आणि सहनशीलता मिळाली होती. २००१ मध्ये रॉसिटर आणि शार्प यांनी पंचवीस अभ्यास एकत्र तपासले. प्रतिकूल परिणाम आढळला, पण अल्प. पुढे ऑर्समंड आणि सेल्टझर यांनी प्रौढ भावंडांचा अभ्यास केला. डाऊन सिंड्रोम असलेल्यांच्या भावंडांचं नातं स्वमग्न व्यक्तींच्या भावंडांपेक्षा अधिक जवळचं दिसलं. म्हणजे सगळ्या अपंगत्वांना एकच माप लावून चालत नाही, आणि हे नातं बालपणापुरतंही नसतं.

मराठी पडद्यावर भावंडांचं हे नातं ‘देवराई’ या चित्रपटानं २००४ मध्ये दाखवलं, तिथे आजार वेगळा असला तरी. स्किझोफ्रेनिया झालेला शेष आणि त्याला आपल्या घरी आणणारी बहीण सीना : तिचं प्रेम खरं, तिची दमछाकही खरी.

कायद्याची नजरही बदलली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मर्यादित पालकत्व आणलं. त्यात निर्णय पालक आणि दिव्यांग व्यक्ती अशा दोघांनी मिळून, परस्पर विश्वासानं घ्यायचे असतात.

परळमध्ये आज चाळींच्या जागी टॉवर उभे आहेत. आईबाप थकलेत, बहीण लग्न होऊन विरारला गेली आहे. ‘आमच्यामागे याचं कोण?’ हा प्रश्न मात्र जिथल्या तिथे आहे, आणि उत्तर बहिणीला न विचारताच गृहीत धरलं जातं. तिला किती जमेल, हे आईबाप धडधाकट असतानाच विचारायला हवं. भावाला कुणाबरोबर आणि कसं राहायचंय, हे त्यालाही विचारायला हवं. बोलता येत नसेल, तर त्याच्या खुणा ओळखणाऱ्यांच्या मदतीनं. नकाराची मुभा असेल, तरच होकाराला अर्थ आहे. आणि बहिणीनं नाही म्हटलं, तर भावाला निवारा आणि सोबत देणारी व्यवस्था उभी करणं हे समाजाचं आणि सरकारचं काम आहे.