खंड ५ की ५ खंड?

तळटीपांत आधीच्या संदर्भाकडे बोट दाखवणाऱ्या 'तत्रैव' आणि 'उनि' यांचा निकाल या आठवड्यात लावायचा होता. तो पुढे ढकलतो, कारण दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतून, फ्रान्स क्लस्टरमधून, एका ताईंचं पत्र आलं आहे. दिवसा हिशेबाची नोकरी, रात्री पीएच.डी.चा प्रबंध, विषय दान आणि स्त्रीधन. मार्गदर्शकांनी एक प्रकरण परत पाठवलंय आणि समासात लिहिलंय, 'काणे १९३०, कोणता खंड?' ताई विचारतात, पृष्ठांक दिलाय ना, मग खंड हवाच कशाला?

हवाच. पां. वा. काणे यांच्या 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र'चे खंड पाच, आणि पृष्ठ ५०० पाचही खंडांत आहे. वाचणाऱ्याने कुठलं उघडायचं?

पण मला पृष्ठापेक्षा ते १९३० जास्त खटकलं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने पहिला खंड १९३० साली काढला. दुसरा आला १९४१ला, तिसरा १९४६ला, चौथा १९५३ला, आणि पाचव्याचे दोन भाग १९५८ व १९६२ला. संचाचं साल विचारलं तर '१९३०–१९६२' असंच सांगावं लागतं. ताईंचं स्त्रीधन मात्र तिसऱ्या खंडात आहे, म्हणजे १९४६चं. हिंदू स्त्रियांच्या संपत्तीच्या हक्काचा कायदा झाला १९३७ साली. स्त्रीधनाच्या विवेचनापुढे १९३० लिहिलंत, की काणे तो कायदा व्हायच्या आधी हे सगळं लिहून बसले होते, असं परीक्षक धरून चालणार. तळटीपेतल्या चार आकड्यांनी प्रबंधाचा युक्तिवादच उलटा फिरतो. मार्गदर्शकांनी नेमकं बोट ठेवलंय.

दानाचं प्रकरण दुसऱ्या खंडाच्या दुसऱ्या भागात येतं. इथे एक गंमत आहे. या खंडाचे भाग दोन असले, तरी पृष्ठांक सलग आहेत. पहिला भाग जिथे थांबतो तिथून दुसरा पुढे मोजतो. 'खंड २' आणि पृष्ठ दिलं तरी खरं तर पुरतं. ताईंच्या वस्तीतही असंच आहे. इमारतीच्या नंबरात 'पी' दिसला की फ्रान्स, 'एस' दिसला की स्पेन, क्लस्टर वेगळा सांगावा लागत नाही. तरी पार्सलवाला विचारतोच, आणि ग्रंथपालही विचारतो, कारण कपाटात बांधलेली पुस्तकं दोन असतात. मी भाग लिहितो. पहिल्या खंडाची सुधारलेली आवृत्तीही दोन भागांत निघाली, १९६८ आणि १९७५ साली, तेव्हा तिथे आवृत्ती सांगितल्याशिवाय पृष्ठांकाला अर्थ नाही.

म्हणून तळटीप अशी : काणे, 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र', खंड २, भाग २, पुणे, १९४१, आणि पृष्ठ. संदर्भसूचीत संपूर्ण संच घेतला असेल तर '५ खंड'. एकच वापरला असेल तर 'खंड ५'. हा क्रम उलटला की पाचवा खंड आणि पाच खंड एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. मी तपासलेल्या सूच्यांमध्ये ही चूक इतक्यांदा पाहिली आहे की आता डोळा आधी तिथेच जातो. एमएलए या संदर्भपद्धतीत अनेक खंड वापरले तर मजकुरातच खंड आणि पृष्ठ यांच्यामध्ये विसर्गासारखी दोन टिंबं देतात, २:८५० अशी. आटोपशीर आहे, पण मराठी प्रबंधात मला रुचत नाही. वाचणारा ती वेळ समजतो.

प्रकरणाचं नाव द्यायचं का? काणे यांच्याबाबतीत दिलं नाही तरी बिघडत नाही, सगळी प्रकरणं त्यांचीच. महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या 'मराठी वाङ्मयाचा इतिहास'ला मात्र ही सूट नाही. चौथ्या खंडाचे संपादक रा. श्री. जोग, प्रकरणं वेगवेगळ्या अभ्यासकांची. 'जोग म्हणतात' लिहून दुसऱ्याच अभ्यासकाचं मत जोगांच्या पदरात घालणारे प्रबंध मी वाचले आहेत. तिथे आधी प्रकरणाचा लेखक, मग प्रकरण, मग ग्रंथ, खंड, संपादक, साल आणि प्रकरणाची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची पृष्ठं.

पत्राच्या शेवटी ताईंनी इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांबद्दलही विचारलंय. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड २२. त्यांत बहुतेक इतिहासकार पृष्ठ देतच नाहीत. खंड आणि लेखांक देतात, कारण प्रत्येक पत्राला क्रमांक आहे आणि छपाई बदलली तरी तो बदलत नाही. राजवाड्यांच्या लांबलचक प्रस्तावनांना मात्र लेखांक नाही. तिथे पृष्ठच द्या, आणि ते मूळ खंडातलं की प्रस्तावनांच्या नंतर निघालेल्या स्वतंत्र संग्रहातलं, हे साल घालून स्पष्ट करा.